वाल्याच्या घरच्यांचे उत्तर

अथाबास्का हिमनदीच्या पायथ्याशी वर्षांच्या पाट्या उभ्या आहेत. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातल्या जास्पर राष्ट्रीय उद्यानात ही हिमनदी थेट महामार्गावरून दिसते. गाडी लावायची आणि दगडगोट्यांतून चढत जायचे. वाटेत नुसते आकडे लागतात: १९४२, १९८२, १९९२. त्या त्या साली बर्फाची कड तिथे होती, एवढाच त्यांचा अर्थ. १९८२ साली माझे लग्न झाले. १९९२ साली माझी लेक वाईच्या शाळेत पहिलीत गेली. त्या दोन पाट्यांमधले अंतर मी पायी चालले. १९९२च्या पाटीशी उभे राहून पुढे पाहिले तर बर्फ अजून लांबच होता. मध्ये करडी माती, वितळलेल्या पाण्याचे ओहळ आणि एक तळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हाच बर्फ आजच्या महामार्गापर्यंत पोचलेला होता. तेव्हापासून तो दीड किलोमीटरहून अधिक मागे सरला आहे.

आमच्या मागून टोरांटोहून आलेले एक मराठी कुटुंब चढत होते. त्यांच्यातले आजोबा पाटीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘चालायचंच. जे आलं ते जाणार.’’

मी आयुष्यभर महाविद्यालयात भारतीय तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे हे वाक्य कुठून येते ते मला माहीत आहे. माझे यजमान गेले तेव्हा याच वाक्याने मला उभे धरले होते. रोज पहाटे गीतेचा दुसरा अध्याय उघडायचा, आणि त्या आधाराने दिवस रेटायचा. तेव्हा ते वाक्य पोकळ आहे असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्या पायवाटेवर ते मला टोचले. यजमानांना कोणी मारले नव्हते. त्यांचे जाणे देहाच्या धर्माने झाले. नाशवंतपणाचा सिद्धान्त वस्तूचा स्वभाव सांगतो. तिला कोणी ढकलले का, हे तो सांगत नाही. एखाद्याला विष दिले गेले असेल तर ‘तो मर्त्यच होता’ हे त्यावरचे उत्तर होत नाही. बुद्धांनी तर सगळा विचारच अनित्यतेवर उभा केला, आणि त्यांच्या अखेरच्या उपदेशात अनित्यतेला लागूनच बेसावध न राहण्याची आज्ञा आहे. आपण त्यातला पहिला भाग सांत्वनासाठी घेतो आणि दुसरा तिथेच ठेवून पुढे जातो.

‘‘पण आई, सगळं आपल्यामुळे झालं असंही नाही,’’ जावई म्हणाले. हे त्यांचे म्हणणे मी टाळणार नाही, कारण ते खरे आहे. ही हिमनदी मागे सरू लागली ती काही शतकांचा थंडीचा काळ संपत आला म्हणून. तेव्हा मोटारी नव्हत्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात १८५१पासूनच्या हिमनद्यांच्या घटीपैकी सुमारे चतुर्थांशच माणसाच्या वाट्याला लावली होती. पण १९९१ ते २०१० या वीस वर्षांसाठी तोच वाटा सुमारे ६९ टक्के निघाला होता. म्हणजे आजोबांचे वाक्य १९४२च्या पाटीपाशी पुष्कळसे लागू आहे. १९९२च्या पुढे ते दर पावलाला कमी लागू होत जाते.

आम्ही कॅल्गरीहून निघालो होतो: लेक, जावई, नऊ वर्षांची नात आणि मी. २०२५चा ऑगस्ट. गाडीच्या टपावर तंबू, मागे गॅसची शेगडी, भाजणीचा डबा, मेतकूट आणि लोकरीचे कपडे. लेक लुईपासून जास्परपर्यंतचा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता हिमनद्यांच्या कुशीतून जातो. तो मंदीच्या काळात बेकारांच्या हातून बांधून घेतला आणि १९४०मध्ये खुला झाला. बो लेकच्या काठी आम्ही पोहे केले. त्या तळ्यातून निघणारी बो नदी कॅल्गरीला पाणी पाजते. लेकीच्या स्वयंपाकघरातल्या नळाचे मूळ मी तिथे पाहिले. पेटो लेकचा निळा रंग डोळ्यांना खरा वाटत नाही. हिमनदी खडक दळते, त्याचे अतिबारीक पीठ पाण्यात तरंगत राहते आणि त्यावरून उजेड तसा परततो. नातीला मी हे समजावत होते, आणि माझ्या मनात मात्र गोमुख होते. यजमानांबरोबर मी तिथे गेले होते. गंगोत्रीची हिमनदीही अशीच मागे हटते आहे. तिला आपण आई म्हणतो, तिचे पाणी तांब्याच्या गडूत भरून आणतो, मरणाऱ्याच्या तोंडात घालतो. आणि तिच्यातच गटारे सोडतो. पावित्र्य एकट्याने राखण करू शकत नाही, हे गंगेने आपल्याला कधीचेच दाखवले आहे. म्हणून रॉकी पर्वतातल्या या बर्फाला देव नाही, स्तोत्र नाही, याचे मला वाईट वाटले नाही.

विल्कॉक्सच्या तळावर आम्ही तंबू ठोकला. तिथे आंघोळीची सोय नाही, संडास कोरडे, आणि समोरच्या अथाबास्का हिमनदीवरून उतरणारा वारा ऑगस्टातही कानटोपी घालायला लावतो. मुक्कामाचा सर्वांत कडक नियम अस्वलांचा. ज्याला वास आहे ते तंबूत ठेवायचे नाही. अन्न तर नाहीच. टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचे मलमसुद्धा गाडीत किंवा लोखंडी पेटीत बंद करायचे. माझ्या प्रवासातल्या देवांच्या डबीतली उदबत्ती आणि नैवेद्याचा गूळही त्या पेटीत गेला. नियमाचे कारण मला वाटले होते तेवढेच नाही. माणसाला धोका आहेच, पण अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते पुन्हा पुन्हा वस्तीत येते आणि बहुतेक वेळा शेवटी त्याला मारावे लागते. माझा गूळ, माझा आळस, आणि मरण अस्वलाचे. मी शिकवलेल्या कर्मसिद्धान्ताची सगळी अडचण त्या पेटीच्या झाकणापाशी होती.

कर्मसिद्धान्ताला आपल्या दर्शनांनी दोन बाजूंनी कुंपण घातले आहे. केलेले कर्म फळ न देता नष्ट होता कामा नये. तसे झाले तर तो कृतहानीचा दोष. न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येता कामा नये. तसे झाले तर तो अकृताभ्यागमाचा दोष. हे दोन दोष टाळायचे म्हणून नैयायिकांनी देहाबरोबर न मरणारा आत्मा मानण्याचा युक्तिवाद केला. या विचारात मोठी माणुसकी आहे. बापाच्या पापासाठी मुलाला शिक्षा नाही, गावाच्या अपराधासाठी परक्याला नाही. ज्याचे त्याचे ज्याला त्याला. वर्गात हे सांगताना मी नेहमी वाल्या कोळ्याची गोष्ट घेत असे, कारण ती प्रत्येक मराठी मुलाला येते. नारदांनी वाल्याला विचारले, या पापात तुझ्या घरचे वाटेकरी आहेत का? तो घरी गेला, बायकोला विचारले, आईबापांना विचारले. पोसणे तुझे काम, पाप तुझे तुला, असे सगळ्यांनी सांगितले. सात रांजण खड्यांनी भरले होते. त्यातला एकही खडा कोणी उचलून घेतला नाही. तिथून वाल्याचा वाल्मीकी झाला.

त्या रात्री तंबूत नातीला मी हीच गोष्ट सांगितली. ती अर्ध्यावर झोपली. बाहेर भांडी आवरत बसलेले जावई काही वेळाने म्हणाले, ‘‘या गोष्टीत घरचे सुटतात कसे, आई?’’

जावई तेलाच्या धंद्यात अभियंता आहेत. कॅल्गरीत पुष्कळ मराठी घरे त्या धंद्यावर उभी आहेत. तेव्हा हा प्रश्न त्यांनी सहज विचारलेला नव्हता. त्यांना मी वाल्या म्हणत नाही. कष्टाने, कायद्याने, हुशारीने कमावणारा माणूस आहे तो, आणि त्यांनी विकलेले तेल जाळणारे आपण सगळे आहोत. पण गोष्टीतली कमावणारा आणि खाणारे यांची मांडणी त्यांना ओळखीची वाटली असणार. त्या मांडणीत मी खाणाऱ्यांच्या बाजूला आहे. लेकीचे घर, नातीची शाळा, माझे विमानाचे तिकीट, त्या शेगडीतला गॅस, सगळे त्या कमाईतून आलेले.

समोरच्या हिमनदीचे पाणी सनवाप्टा नदीतून अथाबास्का नदीला मिळते. ती नदी जास्पर गावावरून उत्तरेला जाते आणि फोर्ट मॅकमरीला पोचते. तिथे वाळूत डांबरासारखे तेल मिसळलेले आहे. खाणीतली ती वाळू गरम पाण्याने धुऊन तेल सुटे करतात, आणि त्यासाठी पाण्याचा उपसा याच नदीतून होतो. ते तेल जगभर जळते. त्याच्या धुराने हवा तापते, आणि ती हवा परत या बर्फावर येऊन बसते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात एक चक्र सांगितले आहे: अन्नाने प्राणी, पावसाने अन्न, यज्ञाने पाऊस, कर्माने यज्ञ. ते चक्र जो पुढे चालवत नाही त्याचे जगणे तिथे व्यर्थ ठरवले आहे. आम्ही जे चक्र चालवतो आहोत ते आपल्या उगमालाच खात सुटले आहे. आणि या चक्राचे फळ पहिल्यांदा कोणाला मिळते? नदीच्या खालच्या अंगाला, अथाबास्का सरोवराच्या काठी, फोर्ट चिपेवायन हे मूळनिवासींचे गाव आहे. त्यांची मासेमारी, त्यांचे पाणी, सगळे त्या नदीवर अवलंबून. हे चक्र त्यांनी सुरू केलेले नाही. अकृताभ्यागमाचे उदाहरण मला याहून स्पष्ट कुठे सापडणार?

कर्मवादी इथे म्हणेल, त्यांचे पूर्वजन्मीचे काही असेल. हे उत्तर तर्कात बसते, पण मला ते निर्दय वाटते आणि मी ते नाकारते. सोसणाऱ्यालाच आरोपी करून मिळणारी सुसंगती मला नको. आणि परंपरेलाही कर्म इतके एकट्याचे कधी वाटले नव्हते. मनुस्मृतीत, जो राजा रक्षण करत नाही त्याला प्रजेच्या अधर्माचा सहावा भाग लागतो असे सांगितले आहे. जो उत्पन्नाचा भाग घेतो त्याला दोषाचाही भाग येतो, हा त्यामागचा विचार. मग तो फक्त राजालाच का लागावा?

दुसऱ्या दिवशी आम्ही जास्परकडे उतरलो. गावाच्या अलीकडे मैलोन्‌मैल जंगल जळालेले आहे. जुलै २०२४मध्ये वणवा वाऱ्याने पेटत गावात शिरला आणि सुमारे एक तृतीयांश इमारती गेल्या. लोकांना आधीच हलवले होते म्हणून गावातली माणसे वाचली. आग विझवायला आलेला एक तरुण मात्र झाड पडून गेला. काळ्या खोडांच्या रांगांमधून गाडी चालली तेव्हा लेक गप्प होती; लग्नानंतर पहिल्यांदा ती दोघे फिरायला आली होती ती याच गावी. पण त्या काळ्या जमिनीवर जांभळी फुले दाट उगवली होती. खाली वाकून पाहिले तर बोटाएवढी पाइनची रोपे. लॉजपोल पाइनचे पुष्कळसे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. आगीच्या उष्णतेने राळ वितळते, तेव्हा बी सुटते. टोरांटोच्या आजोबांचे वाक्य इथे खरेच शोभले असते, कारण इथे जाण्यात येणे आहे.

तरी तेही पूर्ण खरे नाही. हे खोरे शेकडो वर्षे लहान लहान आगींनी मोकळे राहत होते आणि त्यातल्या काही आगी इथले लोक स्वतः, ऋतू पाहून, लावत. १९०७मध्ये उद्यान झाले आणि थोड्याच वर्षांत खोऱ्यातल्या मेटी (मूळनिवासी-युरोपीय मिश्र वंशाच्या) कुटुंबांना घरेदारे सोडायला लावली. त्यानंतर दिसेल ती आग विझवायची हे धोरण पुढे अनेक दशके चालले आणि जंगल दाटले. मग हिवाळे सौम्य झाले, थंडीने मरणारे पाइनचे भुंगेरे मरेनासे झाले आणि झाडे उभ्याउभ्या वाळली. निसर्गाच्या आगीत माणसाचा हात इतका मुरलेला आहे की त्यातले आपले कुठले आणि त्याचे कुठले हे निवडता येत नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते. दोष ठरवायला कर्ता वेगळा काढावा लागतो. तो वेगळा निघतच नसेल तर दोषाची भाषा आपल्याला कुठपर्यंत नेणार?

त्याच विचारात मला ऋणाची आठवण झाली. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे: ऋषींचे, देवांचे, पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यात माणसांचे चौथे ऋण घातले, आणि जो कोणी आहे तो ऋणी म्हणूनच जन्मतो असे सांगून ते सर्वांना लागू केले. या विचारात मला एक गोष्ट विलक्षण वाटते. हे ऋण काही केल्याने होत नाही. जन्मलेल्या मुलाने अजून काय केलेले असते? त्याला मिळालेले असते, म्हणून ते ऋणी. कर्म करण्याने लागते आणि ऋण घेण्याने. आपल्याकडे बापाने सावकाराकडून काढलेले कर्ज मुलगा फेडतो. त्याने अंगठा दिलेला नसतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही, पण त्या कर्जातून खणलेल्या विहिरीचे पाणी तो पितो. त्याला अपराधी वाटण्याचे कारण नाही, आणि हात झटकण्याचीही मुभा नाही.

वाल्याच्या घरच्यांना मी आता या बाजूने पाहते. पाप तुझे तुला, हे त्यांचे म्हणणे मान्य करू. कुऱ्हाड त्याच्या हातात होती. पण जेवले ते. पापातले ते वाटेकरी नसतील, ऋणाचे आहेतच. नारदांनी प्रश्न पापाचा विचारला म्हणून ते सुटले. खाल्ल्याचे काय, असे विचारले असते तर त्यांना उत्तर देता आले नसते.

जावयांना मी हे जास्परच्या तळावर, चहाच्या वेळी सांगितले. त्यांनी लगेच नेमके बोट ठेवले. ‘‘ऋण म्हणालात, तर फेडायचं कोणाला? बर्फाला काही देता येत नाही.’’

खरे आहे. आइसलंडमध्ये ओक नावाची हिमनदी हिमनदी म्हणण्याजोगी उरली नाही, तेव्हा २०१९मध्ये लोकांनी तिथे चढून जाऊन स्मृतिफलक बसवला. ते वाचून मीही ओंजळभर तीळ बरोबर न्यावेत असे ठरवले होते. अथाबास्काच्या पायथ्याशी ते पुडीतून काढले नाहीत. तिलांजली मेलेल्याला देतात. ही हिमनदी अजून सहा किलोमीटर लांब आहे, तिच्यामागच्या हिमक्षेत्राचे पाणी तीन महासागरांना जाते. जिवंत माणसाचे श्राद्ध उरकून मोकळे होण्यासारखे ते झाले असते.

पण जुन्या ऋणांकडे नीट पाहिले तर तीही ज्याची त्याला फेडायची नसतात. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, आणि शिकलेले पुढच्याला शिकवून. पितरांचे ऋण अपत्याने फिटते. मागच्यांकडून आलेले पुढच्यांच्या हातात द्यायचे, रोज थोडे थोडे. पेटो लेकच्या वर जी हिमनदी आहे तिचे मोजमाप १९६०च्या दशकापासून चालू आहे. बर्फात खांब रोवायचे, उन्हाळा सरल्यावर परत जाऊन किती उघडे पडले ते पाहायचे, नोंद करायची. ती माणसे बर्फ वाचवत नाहीत. तरी ऋषिऋण फेडणे म्हणजे काय असे मला आज एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर मी त्या खांबांचे उदाहरण देईन. मिळालेले किती होते याचा खरा हिशेब पुढच्या पिढीला देणे, हा फेडीचा पहिला हप्ता आहे.

जावयांनी नोकरी सोडावी असे मी म्हटले नाही. त्यांच्या जागी दुसरा बसेल आणि मी तेच तेल जाळून विमानाने परत येईन, हे आम्हा दोघांनाही कळते. मी त्यांच्याकडे हिशेब मागितला. वाईला परत आल्यापासून रविवारी संध्याकाळी, त्यांच्या सकाळी, आम्ही फोनवर बसतो आणि ते मला त्यांच्या कामातले पाणी शिकवतात: नदीतून किती उपसतात, त्यातले किती पुन्हा वापरतात, गाळाचे पाणी कुठे साठवतात. हिवाळ्यात अथाबास्काचा प्रवाह अगदी कमी होतो आणि त्या आठवड्यांत उपशावर सरकारी मर्यादा आहे. ती मर्यादा कोणत्या प्रवाहापासून सुरू व्हावी, यावर सध्या आमचा वाद चालू आहे. ते खाणीच्या बाजूने बोलतात, मी फोर्ट चिपेवायनच्या. गेल्या खेपेला त्यांनी आपणहून बाजू बदलून पाहिली, आणि मला खाणीची बाजू मांडायला लावली.